चौथा विषय कोणता? गणिताच्या पदवीसाठी निघालेल्या एका मुलीची अकरावी

हे प्रकरण जून २०२२ ते ऑगस्ट २०२४ या काळातलं आहे. नावं आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय, त्यांचा क्रम आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन चुका माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं यंत्रमागाचं गाव. रेवतीच्या घरी खाली शेडमध्ये आठ माग, वर राहतं घर. वडील माग बघतात, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दहावीला ९५.४० टक्के, गणितात ९९.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो. रविवारी सकाळी घरी पाच-सहा मुलं येतात, आम्ही गणितं सोडवतो. फी नाही, अभ्यासक्रमही नाही. रेवती आठवीपासून येत होती. नववीत असताना एकदा मी फळ्यावर लिहिलं होतं: सलग चार नैसर्गिक संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा, काय दिसतं? सगळ्यांनी २५, १२१, ३६१ काढले आणि "सर, वर्गसंख्या येतीय" म्हणून वही मिटली. रेवती पुढच्या रविवारी आली ती क्षवर्ग अधिक ३क्ष अधिक १ हे मूळ घेऊनच. पहिली आणि चौथी संख्या एकत्र गुणायची, दुसरी आणि तिसरी एकत्र गुणायची, मग दोन्ही गुणाकारांत फक्त दोनाचा फरक उरतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ही मुलगी गणितात जाईल असं मला त्या दिवशी वाटलं.

तिला स्वतःला ते दहावीच्या सुट्टीत वाटलं. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, तिथला बी.स्टॅट. आणि त्याच संस्थेचा बंगळूरचा बी.मॅथ.; चेन्नईजवळच्या सिरुसेरीची चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय. ही नावं तिने इंटरनेटवर शोधली आणि कागदावर लिहून माझ्याकडे आणली. सोबत अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज होता. त्यातला विषयांचा रकाना कोरा होता.

अडचण

वरवर बघता प्रश्न सोपा होता. गणिताची पदवी घ्यायची तर गणित विषय घ्यायचा. पण अकरावीला एकटं गणित घेता येत नाही. इंग्रजी सक्तीचं, आणि भोवती चार विषयांची मोट बांधायची. त्यातले कोणते घ्यायचे यावर घरात तीन मतं होती.

वडिलांचं मत पीसीएमबीचं, म्हणजे भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र: "पीसीएमबी घेऊ या की सर. दोन्ही दारं उघडी राहत्यात. डॉक्टर न्हाई तर इंजिनिअर." आईला कॉम्प्युटर हवं होतं, कारण तिच्या शाळेतल्या सहकाऱ्यांची मुलं ते घेऊन चांगले गुण मिळवत होती. रेवतीचं मत ऐकून दोघंही गप्प झाले. तिने आयएसआयची पात्रतेची अट वाचली होती. बारावीला गणित आणि इंग्रजी, एवढीच ती अट. टक्केवारीची अटही नाही. "मग मी आर्ट्स घेते. गणित, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, संस्कृत. जर्नलं नाहीत, प्रॅक्टिकल नाही. उरलेला सगळा वेळ गणिताला."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

पर्याय

पहिला पर्याय कला शाखेचा. घरच्यांनी तो हसण्यावारी नेला, मला मात्र तो त्या टेबलावरचा सर्वांत विचारपूर्वक मांडलेला वाटला. आपल्या राज्य मंडळात 'गणित व संख्याशास्त्र' हा विषय कला आणि विज्ञान शाखांना एकच आहे, विषय क्रमांक ४०. पुस्तक तेच, पेपर तोच. कागदावर यात कुठेही अडत नव्हतं. प्रत्यक्षात आम्ही तीन कॉलेजांत विचारलं. कला शाखेच्या वेळापत्रकात गणिताचा तास एकाही ठिकाणी नव्हता. एका क्लार्कने तर "मॅडम, आर्ट्सला गणित कशाला?" असं रेवतीच्या आईलाच विचारलं.

त्याहून मोठं कारण दुसरं होतं. आयएसआय आणि सीएमआय मिळून देशात जागा मोजक्या. त्या नाही मिळाल्या तर? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे आयआयएस्सीच्या, चार वर्षांच्या बीएस पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. आयआयटी मुंबईतही गणितात बीएस आहे, पण वाट जेईई अ‍ॅडव्हान्स्डची. पुण्यासारख्या शहरांत असलेल्या आयसर या विज्ञान संस्थांना भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारपैकी किमान तीन विषय लागतात. आणि यातलं काहीच नाही जमलं तर कोल्हापूर, सांगली, पुण्याची बीएस्सी, तिलाही विज्ञानाची बारावी. कला शाखा घेतली असती तर दोन परीक्षांवर सगळा डाव लागला असता.

दुसरा पर्याय पीसीएमबी. इंग्रजी, मराठी, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र. ६०० गुण, चारही विज्ञान विषयांची प्रॅक्टिकलं.

तिसरा, बायफोकल कॉम्प्युटर सायन्स. हा २०० गुणांचा व्यवसाय विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र दोन्ही सुटतात. २०० पैकी १०० गुण प्रॅक्टिकलचे, म्हणून तो 'स्कोअरिंग' म्हणून प्रसिद्ध.

चौथा पर्याय कुणीच मांडला नाही: मराठी आणि भूगोल घेऊन पीसीएम. विज्ञान शाखेत भूगोल घेता येतो. त्याला प्रॅक्टिकल आहे, पण ते हलकं. याबद्दल पुढे लिहितो.

पहिला निर्णय: शाखा

विज्ञान. यावर दोन दिवसांत एकमत झालं. रेवतीने तीन कॉलेजांची उत्तरं ऐकली आणि स्वतःच तो हट्ट सोडला. मी तिला एवढंच सांगितलं की रसायनशास्त्र हे तू गणितासाठी भरलेलं भाडं समज. आता वाटतं, हे बोलायला नको होतं. दोन वर्षं तिने रसायनशास्त्र भाड्यासारखंच भरलं, महिन्याच्या शेवटी.

दुसरा निर्णय: चौथा विषय

इथे आम्ही आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी कॉम्प्युटर सायन्स निवडलं. त्या वेळी कारणं पटणारी वाटली. जीवशास्त्राचं पाठांतर वाचतं, गुण चांगले पडतात, आणि सीएमआयच्या पदवीचं नावच 'गणित आणि संगणकशास्त्र' आहे, तेव्हा पाया होईल.

तिन्ही कारणं एकेक करून तपासायला हवी होती. मी तपासली नाहीत.

पाया होईल हे कारण बघू. बायफोकलच्या एका पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याच्या सूचना, मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग. ८०८५ ही इंटेलची १९७६ सालची चिप. तिच्या सूचनांचे तक्ते पाठ करून सीएमआयच्या प्रवेश परीक्षेत एका गुणाचाही फायदा नव्हता, कारण ती परीक्षा संपूर्ण गणिताची आहे. सी प्लस प्लसचा भाग रेवतीला आवडला, हे मान्य करतो. मूळ संख्या शोधायचा प्रोग्राम तिने चार प्रकारे लिहिला.

गुण चांगले पडतात, हेही खरं होतं. पण ते गुण मोजणार कोण? आयएसआय आणि सीएमआय स्वतःच्या परीक्षेवर घेतात. आयसरला बारावीला ६० टक्के पुरतात, एनआयटीला ७५. बोर्डाचे गुण या सगळ्या ठिकाणी उंबरठ्यासारखे आहेत. ओलांडला की झालं, दोन इंच वरून ओलांडला की दोन फूट, हे कुणी बघत नाही. ९५ टक्क्यांची मुलगी ७५ च्या खाली जाणार नव्हती. तरी आम्ही गुणांसाठी विषय निवडला. दहावीचा निकाल ताजा असला की माणसाला टक्केवारीचाच चष्मा लागलेला असतो.

आणि पाठांतर वाचतं हे कारण? याचा हिशोब जून २०२४ मध्ये झाला.

वेळेचा हिशोब मी तेव्हाच करायला हवा होता. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला आठवड्याच्या दोन दुपारी जायच्या. भौतिक आणि रसायनच्या आणखी दोन. शिवाय चार जर्नलं, त्यातली दोन एकट्या कॉम्प्युटरची. म्हणजे गणितासाठी मोकळी दुपार एकच, आणि रविवार. भूगोल आणि मराठी घेतलं असतं तर निदान दीड दुपार सुटली असती. विषय निवडताना आपण 'हा कशाला उपयोगी पडेल' असं विचारतो. 'हा किती वेळ खाईल' हे विचारत नाही. मीही विचारलं नाही, आणि मी तीस वर्षं याच कॉलेजांच्या वेळापत्रकांत काढली आहेत.

तिसरा निर्णय: इंटिग्रेटेड की साधं कॉलेज

गावाजवळच्या एका क्लासने कॉलेजशी जोडणी करून 'इंटिग्रेटेड' तुकडी काढली होती. नाव कॉलेजात, मुलं दिवसभर क्लासात, दर रविवारी जेईईची चाचणी. दोन वर्षांचे अडीच लाख. वडील त्यासाठी एक माग विकायला तयार होते.

रेवती नको म्हणाली. कारण सरळ होतं: रविवारची चाचणी म्हणजे रविवारचं गणित बंद. वडिलांना हे कारण पोरकट वाटलं. मी तिच्या बाजूने बोललो, आणि या एका बाबतीत मला अजून पश्चात्ताप नाही. जेईईच्या गणितात वेग लागतो, बहुतेक प्रश्नांत पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. आयएसआयच्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत आठ प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तर सिद्धतेसह पूर्ण लिहायचं असतं. दोन्हींची तयारी एकाच डोक्यात होऊ शकते, पण एकाच रविवारी होत नाही.

मधली दोन वर्षं

अकरावीत तिने गणित ऑलिंपियाडची पहिली फेरी, आयओक्यूएम, दिली. पुढे गेली नाही. बारावीत, सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा दिली. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, उत्तर फक्त एक पूर्णांक. या वेळी ती आरएमओला, म्हणजे पुढच्या प्रादेशिक फेरीला, पात्र ठरली. तिथे सहा प्रश्न, आणि सगळं लिहून सिद्ध करायचं. सहापैकी दोन पूर्ण, एक अर्धा. बारावीच्या मुलांची यादी वेगळी लागते आणि ती चुरशीची असते. त्यापुढच्या आयएनएमओ या राष्ट्रीय फेरीत चांगलं यश मिळालं असतं तर सीएमआयचं दार जवळजवळ उघडलंच असतं.

आरएमओनंतर तिने आपली उत्तरं घरी पुन्हा लिहून मला दाखवली, तेव्हा माझी पहिली मोठी चूक कळली. कल्पना बरोबर होत्या. लिखाण मात्र बोलल्यासारखं होतं: "मग हे उघड आहे", "असंच पुढे". रविवारी आम्ही सगळं तोंडी सोडवायचो. ती फळ्यापाशी येऊन समजावायची, मी मान हलवायचो. तिची लेखी सिद्धता चार वर्षांत मी एकदाही लाल पेनाने तपासली नव्हती. बोर्डाच्या पुस्तकानेही ती उणीव भरली नाही. बारावीचं पहिलं प्रकरण 'गणितीय तर्कशास्त्र' असलं तरी त्यात सत्यता सारण्या भरायच्या असतात, अंकसिद्धांत तर अभ्यासक्रमात नाहीच. नोव्हेंबरपासून मी रोज एक सिद्धता मागवू लागलो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा, मी त्यावर शेरे लिहायचो. फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकलं सुरू झाली आणि ते थांबलं.

दुसरी चूक डिसेंबरात उघडकीला आली. आयसरच्या प्रवेश परीक्षेचा आराखडा मी पहिल्यांदा तेव्हा नीट वाचला. त्याआधी मी तिला बिनधास्त सांगत होतो की तुला जीवशास्त्र कुठे लागणार नाही. पात्रतेसाठी लागत नाही, हे बरोबर. पण परीक्षेत ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे पंधरा-पंधरा, आणि ते सगळे मोजले जातात. बरोबरला ४, चुकीला वजा १. जीवशास्त्र न घेतलेल्या मुलाचे २४० पैकी ६० गुण दारातच धोक्यात. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईची सीईबीएस या विज्ञान संस्थांच्या नेस्ट या प्रवेश परीक्षेत असं नव्हतं, तिथे चारपैकी चांगले तीन विषय धरत होते. मी नेस्टचं आयसरलाही लावलं होतं.

यावर डिसेंबरात एक साधा उपाय होता: शेजारच्या मुलाचं जीवशास्त्राचं पुस्तक आणायचं आणि रोज वीस मिनिटं वाचायचं. मी सुचवलं. ती म्हणाली, "सर, आयसर माझ्या यादीत तिसऱ्या नंबरवर आहे." मी पुन्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं.

निकाल

बोर्ड: ९१ टक्क्यांच्या थोडं वर. कॉम्प्युटरला १९२. गणिताला ९६.

आयएसआय: पहिला पेपर, ३० बहुपर्यायी प्रश्नांचा, चांगला गेला. दुसऱ्यात आठपैकी तीन पूर्ण लिहिले. मुलाखतीच्या यादीत नाव नव्हतं.

सीएमआय: प्रतीक्षा यादी. ती तिच्यापर्यंत सरकली नाही. ते तीन आठवडे घरात कुणी धड जेवलं नाही, असं तिच्या आईने नंतर सांगितलं.

नेस्ट: गुणवत्ता यादीत आली, जागा मिळण्याइतकी वर नाही.

आयसर: गणितात उत्तम, भौतिकशास्त्रात बरं, रसायनशास्त्रात भाड्यापुरतं. जीवशास्त्राच्या पंधरापैकी चार प्रश्नांना हात लावला, दोन बरोबर, दोन चूक. म्हणजे ६० पैकी ६. पुणे हुकलं. दुसऱ्या राज्यातल्या एका आयसरमध्ये जागा मिळाली.

आणि एमएचटी-सीईटी, जी वडिलांच्या समाधानासाठी दिली होती. तिथे गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे १ गुणाचे. निम्मा पेपर गणिताचा म्हटल्यावर तिचा पर्सेंटाइल ९९ च्या वर गेला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घरापासून तासाभरावर मिळणार होतं.

चौथा निर्णय: जुलै २०२४

आयसरची फी भरायची मुदत आधी होती, सीईटीच्या प्रवेश फेऱ्या नंतर. म्हणजे हातातलं घ्यायचं की झाडावरच्याची वाट बघायची. वडील माझ्याकडे आले, या वेळी रेवतीला न घेता. "सर, खरं सांगा. पोरगी दूर जाईल, पाच वर्षं लागतील, पुढं पीएचडी, पुढं काय? इथं चार वर्षांत नोकरी हाय."

मी त्यांना नोकऱ्यांची यादी दिली नाही. गणितातल्या माणसाला आज कुठे काम मिळतं हे सांगता आलं असतं, पण त्यांचा प्रश्न पैशाचा कमी आणि अंतराचा जास्त होता. मी एवढंच विचारलं की सीईटीत ९९ कशामुळे आले. ते म्हणाले, गणितामुळे. थोडा वेळ बसले, चहा घेतला, आणि "भरतो फी" म्हणून उठले. मी त्यांना पटवलं असं मला वाटत नाही. निर्णय घेऊनच ते आले असावेत, फक्त तो कुणासमोर तरी बोलायचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

जीवशास्त्र घ्यायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. ते घेतलं असतं तर कदाचित पुणे मिळालं असतं, पण गणिताची एकुलती मोकळी दुपारही गेली असती आणि आरएमओ झाली नसती. विषय न घेता ते शेवटच्या सहा महिन्यांत नुसतं वाचणं, हा मधला रस्ता होता. तो मोकळा असून आम्ही त्यावरून गेलो नाही.

कॉम्प्युटर सायन्सबद्दल मात्र माझं मत पक्कं झालं आहे. गणिताच्या पदवीकडे जाणाऱ्या मुलाने ते गुणांसाठी घेऊ नये. आवड असेल तर जरूर घ्यावं. नाहीतर भूगोल, मराठी, जे कॉलेजात मिळेल आणि दुपार मोकळी ठेवेल ते. पुढच्याच वर्षी माझ्याकडच्या एका मुलाने भूगोल घेतला. त्याचं काय झालं ते अजून ठरायचं आहे.

अर्ज भरण्याआधी आम्ही पात्रतेच्या अटी वाचल्या, परीक्षांचे आराखडे वाचले नाहीत. अट सांगते कोण बसू शकतो, आराखडा सांगतो कुणाला गुण मिळतात. आता मी अकरावीच्या प्रवेशाआधी मुलाला बसवून एक तक्ता करायला लावतो: डावीकडे परीक्षा, पुढे प्रत्येक विषयाचे प्रश्न, शेवटी बोर्डाचे गुण मोजतात की नाही. अर्ध्या तासाचं काम. रेवतीच्या वेळी ते केलं असतं तर बायफोकल तिथेच गळलं असतं.

आणि लाल पेन. ते आता आठवीपासून चालतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रेवतीचा फोन आला. वसतिगृह बरं आहे, सांबाराची सवय होतेय, गणिताच्या तासाला वास्तव संख्यांपासून सुरुवात झाली आणि पहिल्याच गृहपाठाला "हे उघड आहे" लिहिल्याबद्दल गुण कापले गेले. मग जरा थांबून म्हणाली, "सर, इथं पहिल्या वर्षी सगळ्यांना बायोलॉजी आहे. शेजारच्या दादाचं अकरावीचं पुस्तक रद्दीत नाही ना गेलं?"

गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुरिअरने पाठवलं.